मी बघितलंच न्हाय!

…आन् वर मलाच विचारतात, "दानम्मा, शिट्टी वाजवली तवा मी कुटं उभा होतो गं?" म्हटलं, अहो, मैदानात होता की! आणखी कुटं असणार? तर तेवढ्यानं भागतंय व्हय? "मैदानात म्हंजे कुटं? बॉलपासनं किती लांब? मधी कोण होतं?" हितं तव्यावर भाकरी करपाय लागली तरी ह्यांचे प्रश्न संपंनात! आता ह्याला काय म्हणावं, तुमीच सांगा!

तुम्हाला सांगते, आमचे हे, गुरुबसप्पा, आठवडाभर पोस्टात कारकून आन् रविवार उजाडला की फुटबॉलचे रेफ्री. अहो, सोलापुरात लोकांना क्रिकेट कळतंय, कुस्ती कळती… ह्यांनी निवडलं काय, तर दोन्ही पार्ट्या मिळून शिव्या देतात ते काम! पोट सुटलंय, केस पिकलेत, पण काळा शर्ट चढवून शिट्टी गळ्यात घातली की नवरदेवासारखे ताठ! मग मी बी जाते बघाय, शेजारच्या सावित्रम्माला घेऊन. फोनवर शूटिंग करते. कौतुक असतंय की आपल्या माणसाचं!

तर त्या रविवारी पोरींची मॅच होती, माढ्याची शाळा आन् सोलापूरची. जिंकंल ती पुण्याला जाणार. मॅच संपत आलेली, दोन्हीकडं गोल सारखे, आन् सोलापूरची एक पोरगी गोलसमोर धाडकन पडली. मैदान ओरडलं. ह्यांनी शिट्टी मारली… पेनल्टी! माढ्याची गोलकीपर, ऋतुजा तिचं नाव, पळत आली, "सर, मी बॉल धरला वो, तिला न्हाय पाडलं!" पण रेफ्रीनं दिलं म्हंजे दिलं. गोल झाला, माढा हरलं, आन् ती पोरगी खांबाला टेकून, हातमोज्यात तोंड घालून रडली.

घरी आले, पण जेवंनात. "ती पोरगी खोटं बोलली असंल असं वाटत न्हाय गं." म्हटलं, मग बघा की! शूटिंग हाय की माझ्याकडं! लहान लेकरागत उडी मारून उठले. माझी सिरियल बंद, ह्यांची मॅच चालू. बघतात तर काय… सगळ्या मॅचभर हेच! हे पळताना, हे थांबताना, हे घाम पुसताना, आन् मागनं माझा आवाज, "सावित्रम्मा, चटणीत लसूण कमी पडला बघ!" हे म्हणाले, "अगं, बॉल कुटं हाय?"

म्हटलं, मी काय बॉलशी लग्न केलंय?

हसले. मग हळूहळू हसू गेलं. कारण पेनल्टीच्या वक्ताला हे कुटं? मैदानाच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत! पुढ्यात दोन उंच पोरी आडव्या आलेल्या. मान लांब केली, लोक ओरडले, आन् शिट्टी तोंडात. परत मागं घेऊन बघितलं. परत. मग म्हणाले, "दानम्मा, मी बघितलंच न्हाय. मी ऐकलं… आन् वाजवली."

म्हटलं, जाऊ द्या, हुतं सगळ्यांकडनं. "हुतं की. पण कसं हुतं ते कळाय नगं?" आन् दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघाले की माढ्याला! शिव्या खायला एसटीनं जाणारा माणूस बघितलाय कुणी? आता ह्याला काय म्हणावं, तुमीच सांगा! मी बी गेले. एकट्याला कसं सोडायचं?

शाळेच्या मैदानावर ऋतुजा ह्यांना बघून घाबरलीच. हे म्हणाले, "बाळ, चूक माझी झाली. निकाल काय बदलता येत न्हाय. पण तुला काय दिसलं ते सांग." पोरगी पायानं माती उकरत बसली. मग म्हणाली, "सर, चुकलं तर चुकलं. पण मी बोलत होते आन् तुमी पाठ फिरवली. त्याचं लई वाईट वाटलं."

मलाच भरून आलं बघा. आन् हे विचारतात, "आणखी?" अहो, आणखी म्हणायची गरज होती का? पोरीला चेव चढला! "तुमी बॉलच्या मागनं पळताय सर, बाजूनं या, म्हंजे मधलं दिसंल. आन् शिट्टी अशी वाजती की जणू प्रेशर कुकर हाय!" हे मान हलवत्यात, "बरोबर, बरोबर."

झालं! दुसऱ्या दिवसापासनं आमच्या हॉलमधी सराव. गॅसची टाकी गोलकीपर, मी पडणारी पोरगी, आन् सावित्रम्मा एकटीच दोन बचाववाल्या, कारण ती रुंद! हे बाजूनं वळसा घालून पळतात, "आता दिसतंय… आता न्हाय… आता दिसतंय!" भांड्यांची मांडणी खाली आली तरी, "दिसतंय!" आता ह्याला काय म्हणावं!

पुढच्या मॅचला मोठी पोरं होती. परत तसंच, गोलसमोर एक कोसळला, अख्खं मैदान "पेनल्टीऽऽ!" पण हे वळसा घालून पार जवळ! शिट्टी तोंडात न्हाय. हात पुढं केले, "खेळा!" त्यो पडलेला कॅप्टन अजिंक्य तणतणत आला, "सर, डोळे हायत का?" हे पाठ न फिरवता समोर उभे. "हायत. तुला अडवणाऱ्याचा पाय आधी बॉलला लागला, मग तू पडलास. मी बघितलं." पोरगं म्हणालं, "…व्हय सर."

गेटपर्यंत लोकांनी शिव्या दिल्या. हे आपले खुशीत!

आन् त्या संध्याकाळी काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, माझ्यासमोर गुडघ्यावर हात ठेवून बसले. "दानम्मा, घरात माझं कसं चाललंय? कुटं सुधारू?" अहो, जन्माची यादी होती माझ्याकडं! तोंड उघडलं… आन् त्या पोरीचं ऐकलं होतं ना, तसंच ऐकत बसलेले… एक बी आठवंना हो! शेवटी म्हटलं, काय न्हाय, जावा, मेथी आणा.

गेले. आन् शेपू घेऊन आले.

माझ्याकडं काय शिट्टी न्हाय. मी आपली बसले शेपू निवडत.