सातवी फाइल

कागदावरच्या शुद्धलेखनाकडं बघू नका, प्रेमराजनाना, मीच लिहिलाय तो — नववीत शाळा सोडली, मला साधेच शब्द येतात — पण त्यात लिहिलंय तेवढंच करायचं. पेनड्राइव्ह लावायचा, एक फाइल उघडायची, झालं. हा डीबगर तुमच्या प्रेस मशीनच्या प्रोग्रामला एकेका ओळीवर थांबवतो, म्हणजे कापसाच्या गाठी बांधताना मशीन कुठल्या ओळीमुळं अडतं ते दिसतं. दर हंगामात मला बोलवायची गरज नाही. आधी? आधी सात फाइली होत्या. एक जरी राहिली तरी उघडायचा नाही.

तो कॉम्प्युटर — त्याला हात नका लावू, नाना. बिघडलेला नाही, जुना आहे. त्यात सात फाइलींवाला डीबगरच आहे, हितेंद्रदादांनी लिहिलेला. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. समोरचं निळ्या दाराचं घर त्यांचं, आता आई एकट्या असतात, यशोदाबाई. दादा हंगामात या जिनिंगमधून त्या जिनिंगमध्ये फिरायचे, पोचल्यावर फोन करायला विसरायचे, म्हणून त्यांनी डीबगरमध्येच सोय केली — कुठंही उघडला की इथं घरच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजणार. घंटी वाजली की आई म्हणायच्या "पोचना", म्हणजे मुलगा पोचला. त्यांना तेवढंच कळायचं आणि तेवढं पुरायचं.

मी ती घंटी काढली. काढावीच लागली ना — इथं धरणगावात लाइट गेली की घरचा कॉम्प्युटर बंद, आणि तिकडं मिलमध्ये डीबगर त्याच्या उत्तराची वाट बघत अडून बसायचा. दादा गेल्यावर दोन वर्षं मी तसंच सांभाळलं. कोणीही कुठंही उघडला तरी इथं घंटी वाजायची, यशोदाबाई ओट्यावर गहू निवडता निवडता मान हलवायच्या. मग मागच्या महिन्यात सगळ्या मिलमध्ये ही एकच फाइल दिली.

दादा कसे गेले? अपघातात. नरडाण्याजवळ, हायवेवर, ट्रक — सोनगीरच्या जिनिंगला निघाले होते. कशाला म्हणजे? त्यांचंच काम होतं. म्हणजे मी आधीच तिथं पोचलो होतो, पण — सातवी फाइल, नाना. पेनड्राइव्हवर सहाच घेतल्या होत्या मी. स्क्रीनवर आलं, सातवी फाइल सापडली नाही. तिथलं नेट घंटीपुरतं, एवढी मोठी फाइल उतरेना. मी फोन केला. ते म्हणाले, "तू तिथंच बस भटू, मी आणतो." मी बसलो. चार वाजता माझ्या मोबाइलवर फोन आला, यशोदाबाईंचा — घंटी अजून वाजली नाही म्हणून.

यशोदाबाईंना मी सांगितलं, दादा स्वतःच्या कामानं निघाले होते. हे मी कोणाला — तुम्हाला कशाला सांगतोय मी? विसरण्यासारखं काही उरायलाच नको, म्हणून एक फाइल केली. बास, एवढंच.

घंटी बंद होऊन चार दिवस झाले, तेव्हा त्या स्वतः दुकानात आल्या. इथं, तुम्ही बसलात तिथं बसल्या. म्हणाल्या, "आज बी हितू कोठेच गया नही का रे भटू?" नेटचं काहीतरी असेल म्हटलं. त्या उठल्या, दाराला हात लावून जरा थांबल्या, गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगायचं ठरवून मी त्यांच्या ओट्यापर्यंत गेलो. त्या घरात त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं, पदर डोक्यावरून घेतलेला, पाहुणा यायचा असतो तसा. मी तसाच मागं फिरलो. दुकान उघडलं, हा जुना सुरू केला, सात फाइली दोनदा मोजल्या आणि डीबगर उघडला. समोर घंटी वाजली. आतून त्यांचा आवाज आला, "पोचना."

तुमचा पेनड्राइव्ह इथंच राहतोय, नाना. घ्या. निघा तुम्ही आता.