हिरव्या पाण्याची बाटली

अवघी जीवसृष्टी शेवाळाची ऋणी आहे, असं वनस्पतिशास्त्राचे कुलथे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. चौऱ्याण्णव साली ते ऐकायला तीन विद्यार्थी होते, आणि त्यातला एक चुकून त्या वर्गात आला होता. त्यामुळे कोल्हारच्या स्टँडवर, हिरव्या पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं शेवाळावर बोलू लागलं, तेव्हा सरांनी समोर उभी असलेली आपली बस जाऊ दिली.

“तपासनारा साहेब काय म्हनला, ते नीट सांगा. विहिरीत इख हाय का न्हाई?”

“न्हाई. नुसतं शेवाळ हाय.”

“मंग अजिनाथ भाऊजींनी काय टाकलं न्हाई?”

“साहेब म्हनला, शेवाळ कोट्यवधी वर्सांपासून हाय. दगडात बी घावतं. अजिनाथ तर माझ्यापेक्षा धाकटा.”

“सुटले बाई. आता आरतीच्या साखरपुड्याला बोलवा त्यांला. सख्ख्या चुलत्याबिगर पोरीचा साखरपुडा व्हय?”

“बोलावतो. पर साहेब म्हनला, खत पान्यात उतरल्याबिगर इतकं हिरवं हुत न्हाई. कुनी विहिरीवर युरियाच्या गोन्या धुतल्या का?”

“धुतल्या की म्या. चाळीस. मांडवाला पाल शिवायचं हुतं.”

“अन् आठ दिस शिव्या त्याला?”

“काठी घिऊन तुमी गेल्तात.”

“बरं, बरं. पर एवढ्या गोन्या आनल्यास कुठून?”

बाई बाटलीचं बूच घट्ट करीत बसली.

“भाऊजींनीच धाडल्या. आरतीच्या मांडवाला.”