आडवी वायर, उभा पाईप

माहं नाव श्रावण. गाव सावनेरच्या अलीकडे, आता तिथी आमचं कोणी नाई. माहा बाप दुसऱ्याच्या वावरात कामाले जाये. नागपुरातून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला तं मायले म्हणे, हे पोट्टं आता ढोरं नाई राखत, शिकते. मंग मी शिकलो, पण काय सांगू तुमाले, माहा जीव एका जागी बसणारा नव्हताच, मास्तर म्हणे श्रावण, तुह्या बुडाखाली इंगळ ठेवला काय गा. आयटीआय केली, नागपुरात आलो अन् गांधीबागेच्या मागं एका दुकानात मोटारी वाइंडिंग करायले लागलो. जळलेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. तीस वरसं तांब्याची तार माह्या बोटाईतून गेली, हे पाहा बोटं.

त्याच दुकानात हवालदार आले. मिलिटरीत सिग्नलमध्ये होते, रिटायर होऊन महालात राहत. एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आले, म्हणे हा भरून दे, पण नीट भर, यावर मले रेडिओ चालवायचा हाय. म्या म्हणलं रेडिओ तं बाजारात भेटते. ते म्हणे ऐकायचा नाई रे बावा, बोलायचा. बस, तिथूनच माहं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्यायच्या घरी गेलो. त्याईनं कट्ट-कडकट्ट, म्हणजे तारेची मोर्स भाषा शिकवली, परीक्षेले बसवलं, लाइसन यायले वरीस-दीड वरीस गेलं अन् मी एवढा उतावळा की पोस्टमन दिसला का मोटार तशीच टाकून पळो. सुमन, माही बायको, म्हणे लग्नाच्या वेळी तं एवढे पळाले नाई तुमी.

सेट म्या अन् हवालदारानं मिळून बनवला. अँटेना माही मी बनवली. तेहतीस-तेहतीस फुटाचे दोन तुकडे तांब्याच्या तारेचे, मधात चिनी मातीचा गट्टू, तिथून दोन पदरी वायर घरात. एक टोक कडुनिंबाले, दुसरं बांबूले, उंची म्हणाल तं दोन माणसं एकावर एक. सुमनचे लुगडे त्याच्या खालीच वाळत. हवालदार म्हणे, वायर इतकी खाली असली तं लाट सरळ वर जाते अन् फवाऱ्यावानी आजूबाजूले पडते. जवळच्याले बोलायले हीच बरी.

जवळचा म्हणजे डॉक्टर. तिकडे चांद्याच्या पुढं, जंगलात, नदीपलीकडच्या एका गावात एकटे दवाखाना चालवत. तारघर नाई, फोन नाई, एक बॅटरी अन् एक सेट. रोज सकाळी आठले ते बोलावत अन् मी कामावर जायच्या आधी बोलो. बोलायचं काय, पाऊस पडला काय, भाजी कोणती केली. त्यायच्या दवाखान्यात यशोदाबाई म्हणून नर्स होत्या, त्यायचा आवाज मागून येये, विचारा नं त्या भाऊले, संत्रा आला काय बाजारात. एक-दोन वरसं मजा वाटली. मंग माहा जीव वळवळायले लागला. हवालदार जपान ऐकत, ऑस्ट्रेलिया ऐकत, अन् मी आपला रोज भाजी विचारून राहिलो.

उभा पाईप लावायचं ठरवलं. लोखंडी पाईप एकाले एक जोडून तेहतीस फूट, बुडाशी जमिनीवर तारा पसरायच्या. पाईपाची लाट आडवी निघते, दूर जाते, जवळ पडत नाई. पण जमिनीवरच्या तारा आणायच्या कुठून, तं आडवी वायरच काढली, तिचे दोन तुकडे तिथी पसरले. डॉक्टरले म्हणलं, साहेब, दोन-चार दिवस नाई येणार, नवी अँटेना लावून राहिलो. ते म्हणाले, जरूर लावा, पण जुनी राहू द्या हं. म्या म्हणलं हाव हाव. काढायले तं सुरूही केली होती.

पाईप उभा झाला अन् तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जपानवाला आला. एका मोटार वाइंडरचं नाव जपानात कोणी तरी कागदावर लिहून राहिलं, तुमी सांगा, माणूस पागल होईन का नाई. मी पागलच झालो. आज हा देश, उद्या तो देश, जेवण करता करता उठो. दोन-चार दिवसाचे तीन आठवडे कधी झाले समजलं नाई. एक-दोनदा सकाळी लावून पायलं, डॉक्टर ऐकू नाई आले, म्हणलं असतीन कामात.

मंग पोस्टकार्ड आलं. भिजलेलं, शाई पसरलेली. लिहिलं होतं, पाऊस फार आहे, नदीवरून हे शेवटचंच टपाल जात आहे. मी रोज आठला तुम्हाला हाक मारतो. जमलं तर या. खाली तारीख, तिले बारा दिवस होऊन गेलते.

कार्ड घेऊन सेटवर बसलो. पाईपावर नुसती खरखर. तिच्यात कुठी तरी माणसावानी काई तरी होतं, शब्द समजे नाई. म्या सुमनले हाक मारली. पाऊस सुरू होता, दोघंही ओले, तारा चिखलातून उपसल्या, गट्टू बांधला. ती बांबू धरून उभी अन् मी कडुनिंबावर. ती खालून ओरडे, अहो पडसान नं, काहून एवढी घाई, अन् मी आपला गाठी मारत राहिलो.

वायर जोडली अन् डॉक्टर आले. साफ आले, जसे शेजारच्या खोलीत. पण आवाज बसलेला, आठची वेळ गेली तरी हाका मारतच होते. नागपूर, नागपूर, कोणी आहे का. म्या म्हणलं साहेब, मी श्रावण. ते म्हणाले, लिहून घ्या. हगवण-उलटीची साथ आहे, सलाईन संपलं, नदी ओलांडता येत नाही. त्या पोस्टकार्डाच्याच मागं लिहून घेतलं.

सायकलनं सरकारी आरोग्य ऑफिसात गेलो. बाबू म्हणे, डॉक्टरचं पत्र कुठी हाय. म्या म्हणलं पत्र कसं येईन, नदीत पूर हाय. तो म्हणे, मंग तुले कोणं सांगतलं, तू कोण. म्या म्हणलं मी मोटारी भरतो. तो हासला. तसाच हवालदाराकडे गेलो, ते धोतरावरच निघाले, सरळ मोठ्या साहेबाच्या खोलीत शिरले, म्हणे साहेब, विश्वास नसन तं चला, स्वतःच्या कानानं ऐका. अन् साहेब आले, बरं का. माह्या टिनाच्या घरात, खाटेवर बसून त्याईनं डॉक्टरले ऐकलं. त्याच दुपारी सलाईन घेऊन गाडी निघाली. दोन दिवस मी दुकानात गेलो नाई, ऑफिसातून खबर येये अन् मी दर तासाले डॉक्टरले सांगो, गाडी आता इथी पोचली, आता नदीवर नाव भेटली. तिसऱ्या दिवशी सलाईन पोचलं. बहुत लोकं वाचले.

म्या विचारलं, यशोदाबाई कशा हायेत. डॉक्टर म्हणाले, त्या साथीतच गेल्या. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी.

पाणी उतरल्यावर मी तिथी गेलो. संत्रे घेऊन गेलतो, कोणाले द्यायचे तेच समजे नाई, तसाच थैला धरून उभा. डॉक्टरले म्हणलं, साहेब, मले शिव्या द्या. ते म्हणाले, श्रावणभाऊ, मी रोज बोलावत होतो, हे खरं आहे. तुम्ही आलात, हेही खरं आहे. यापुढे मला काही बोलता येत नाही. मंग स्वतःच चहा ठेवला. माफ केलं म्हणले असते तं मी रडून मोकळा झालो असतो, पण ते खोटं बोलणारे नव्हते.

आता डॉक्टरही नाईत, हवालदारही नाईत. पोरी आपापल्या घरी. मी अजून बसत नाई, सुमन म्हणते दहा मिनिटं तं टेका, अन् मी उठून उगाच गच्चीवर जातो, कानाले हेडफोन लावतो. लोकं येतात, म्हणतात श्रावणभाऊ, दूर जाणारी अँटेना बनवून द्या. देतो बनवून. दूरच्याले बोलणं काई वाईट नाई, म्याही लय मजा घेतली.

तुमी एवढा वेळ बसले, ऐकलं, लिहून घेतलं. म्हाताऱ्याचा एवढाच आशीर्वाद घ्या बावा, तुमाले कोणी हाक मारून राहिलं असन, तं तुमाले ते वेळेवर ऐकू येवो.