विहीणबाईची टाकी

आमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"काल विहीणबाईचा फोन आला होता. आपल्या प्रफुलनं म्हणे त्यांच्या संडासातली फ्लशची टाकी दुरुस्त केली."

"बरं केलं मंग."

"काय बरं केलं? आपली टाकी दिवाळीपासून वाहून राहिली. तवा पोराले शिफ्ट आडवी येते. अन् स्मृति नगरले सासरी जाले बरी सुट्टी भेटते!"

"रुक्मे, हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या. वरून मले सांगते कशी, जावई कायचा, आमचा लेकच आहे तो! लेक माहा आहे. तिचा कावून?"

"म्हणून तं वायसर घ्याले आलो न. मीच बसवतो. उमरभर प्लांटात पायपाच जोडल्या म्या."

"मंग इतके दिवस कावून नाही बसवला?"

"तू दर रविवारी त्याले फोन करे, टाकी बिघडली, येऊन जाय म्हणून. म्हटलं, त्या निमित्तानं तरी येईन पोरगा."

बाईंनी पिशवीतून पैशाचं पाकीट काढलं.

"घ्या वायसर. पण तुमी हात लावू नका. सामान आणून ठेवलं, असं सांगते त्याले."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दुकानदार पोरानं दोन वायसर पुढे ठेवले.

"आंटी, ये महंगा वाला बरसों चलेगा. हल्का वाला जल्दी खराब होता है."

"हल्का वाला ही दे दो, बेटा."