मोठ्या पडद्यावरची पुसट अक्षरं

आबा : “तुमच्या नजरेतून उडती चिमणी सुटत नाही,” असं म्हणायची तुझी काकू, माझी भागा. चुलीपुढून, मान वरही न करता. भागाचा तो आवाज अजून कानात आहे माझ्या. आणि मी, एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेला माणूस, दिवा गेलेल्या गाडीत तिकीट वाचणारा, मला हा परातीएवढा पडदा वाचता येत नाही म्हणतोस?

किरण : मी कुठे तसं म्हणतोय, आबा? चष्मा कधी बदलला, एवढंच विचारलं.

आबा : संक्रांतीला. पेपर वाचतो. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो. रूपाच्या लॅपटॉपवरचीसुद्धा दिसतात मला स्वच्छ, पण मी जवळ गेलो की ती झाकण लावते. पुसट आहे तो फक्त तुझा मॉनिटर.

किरण : माझा म्हणू नका बरं का. धुळ्याहून मांडीवर घेऊन आलो त्याला बसमध्ये, नव्या नवरीसारखा. मागच्या खेपेला केबल बदलली, सेटिंग लावलं, अक्षरं सुईसारखी उभी करून गेलो. खरं की नाही, रूपाताई?

रूपा : गेलास, आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच. लाइट सारखी जाते-येते रे आमच्याकडे.

किरण : लाइटनं फार तर घड्याळ चुकेल, ताई. सेटिंग नाही बदलत.

रूपा : मग अपडेट आलं असेल. रोज काहीतरी येतच असतं.

आबा : हे बघ. विचारलं की हिच्याकडे उत्तर तयार. तिकीट नसलेला प्रवासी असाच बोलायचा, न अडखळता.

रूपा : आबा! मी काय विनातिकीट बसलेय का या घरात?

आबा : तू नाही. पण कोणीतरी बसलंय. किरण, तू बघ.

किरण : बघतो. ताई, जरा सरक. माउस दे… हं. आबा, या इकडे. हा पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपके असतात. किती, ते कारखान्यातच ठरलेलं. लॅपटॉपनं त्याहून कमी ठिपक्यांचं चित्र पाठवलं, की मॉनिटर ते ताणून ताणून बसवतो. मग अक्षरांच्या कडा विरघळतात.

आबा : म्हणजे अख्ख्या गाडीत चार उतारू, आणि गाडी भरलेली दिसावी म्हणून हातपाय पसरून बसलेले.

किरण : अगदी तसंच! त्याला रिझोल्यूशन म्हणतात. मी गेलो तेव्हा ते बरोबर होतं. आता बघा, निम्म्यावर आणून ठेवलंय. आबा, तुम्ही हात लावला का?

आबा : मी? माले तो उंदीर धरता येत नही, बापा.

किरण : मग हे आपोआप होत नाही. एकदा झालं असतं तर म्हणालो असतो अपडेट. दरवेळी तोच आकडा कसा? कोणीतरी मुद्दाम निवडतंय.

रूपा : चहा टाकू का?

आबा : बस. चहा नको.

किरण : ताई, घरात तुम्ही दोघंच.

रूपा : पोलिसात कधी लागलास तू?

आबा : मीच सांगतो याला. ऐक किरण. भागाच्या भावानं कधीकाळी तिची गाणी कॅसेटवर भरून घेतली होती. ती तूच कॉम्प्युटरवर चढवून दिलीस. ही आता ऐकून ऐकून लिहून काढते आहे, पुस्तक करायचं म्हणून. मला वाटलं, कान तर मंद झाले माझे, त्या खरखरीत भागाचा आवाज काही लागत नाही. पण रूपा लिहील तसं मोठ्या पडद्यावर वाचत बसेन मागे खुर्ची टाकून. म्हणून मागवला हा. पहिले दोन दिवस वाचलंही. जात्यावरचं, लग्नातलं, हळदीचं. आणि मग एकदम धुकं.

किरण : म्हणजे काहीतरी आलं मध्ये.

आबा : आलंच. गाणी असती तर लपवली असती का कोणी? ही भावाला, नवलला, लिहीत असणार पुण्याला. आबाचं आता होत नाही, घेऊन जा, नाहीतर ठेवा कुठेतरी. सून तिकडे नाक मुरडते, पोरगी इकडे कंटाळली. मधल्या स्टॉपवर उतरवून द्यायचं म्हाताऱ्याला.

रूपा : आबा, काय बोलता हे!

आबा : मग दाखव. किरण, कर ते बरोबर.

किरण : ताई?

रूपा : थांब रे.

किरण : मला खरं सांग. तू करत होतीस?

रूपा : हो. मीच.

आबा : शे का नही! म्हटलं नव्हतं? नजर चुकत नाही माझी.

किरण : अगं पण असं का? मॉनिटर बंद ठेवायचास.

रूपा : बंद ठेवला तर लगेच विचारणार, का बंद. पुसट असला की तुझ्यावर ढकलता येत होतं. तू तरी धुळ्याला असतोस.

किरण : वा! म्हणजे दोनदा बसचे धक्के खाल्ले ते तुझ्यासाठी.

रूपा : नवलला एक अक्षर लिहिलेलं नाही, आबा. आईची शपथ. गाणंच आहे. एकच. आखाजीचं.

आबा : आखाजीचं? ते तर झोक्यावरचं, सासुरवाशिणी माहेरी येऊन म्हणतात ते. त्यात लपवायचं काय?

किरण : नको असेल तर तेवढं गाळ ना पुस्तकातून.

रूपा : आईचा आवाज गाळू? आयुष्यभर ती हळू बोलली. जे मोठ्यानं म्हणाली ते गाण्यात.

किरण : …मी एक करतो. रिझोल्यूशन बरोबर लावलं, अक्षरंही दीडपट मोठी केली. आता त्याला हात लावू नकोस. मी खाली जाऊन भरिताची वांगी बघून येतो. माझ्या आईनं सांगितलीत, जळगावची.

आबा : आत्ता? उन्हात?

किरण : वांग्यांना ऊन लागत नाही, आबा. येतो.

(किरण जातो. पडदा स्वच्छ. आबा चष्मा काढून सदऱ्याला पुसतात, पण परत घालत नाहीत.)

रूपा : वाचा ना. दिसतंय आता.

आबा : दिसतंय. म्हणूनच नको. तू म्हण. कानाशी येऊन म्हण, मोठ्यानं.

रूपा : आबा, राहू द्या.

आबा : म्हण वं माय.

रूपा : “माहेरना लिंबले झोका बांधा वं माय,
बठ्ठासले तिकीट देस धनी, मी जाऊ कशी काय?”

आबा : …पुन्हा म्हण. दुसरी ओळ.

रूपा : बठ्ठासले तिकीट देस धनी, मी जाऊ कशी काय.

आबा : सगळ्यांना तिकीट देतो धनी… शिंदखेड्याची गाडी माझीच होती. तिच्या गावच्या फाट्यावरून जायची. तिचा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा.

रूपा : हो.

आबा : सगळ्या पोरी आखाजीला माझ्याच गाडीनं माहेरी जायच्या. हसत, भांडत, बांगड्या वाजवत. मीच बसवायचो त्यांना.

रूपा : हो, आबा.

आबा : पण भागा कधी बोलली नाही गं. तिनं एकदा जरी मागितलं असतं…

रूपा : मागितलं होतं. मी लहान होते, दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, लोक बोलतील, कंडक्टरनं बायको गाडीत फिरवली. ती “बरं” म्हणाली. मग आत आली, दाराच्या चौकटीला दोर बांधला, आणि मला झोका देत बसली. हे गाणं तेव्हाचं आहे.