दोन उंबऱ्यांची दरी

बरणी उघडल्यावर कसला वास आला, खरं सांगा? धुराचा ना? मान हलवताय म्हणजे आला. नाक नका मुरडू, तीच तर खूण आहे. तुम्हाला तपासणीला पाठवणाऱ्या उत्पादक संघात खालच्या शहरातली माणसं बसतात, त्यांना वाटतं धुराचा वास म्हणजे माल बिघडला. अहो, आमच्या मोरेन्दा दरीत काढ्यासाठीच्या भांगेची फुलं चेस्टनट धुरावर वाळवायच्या दगडी खोपीत टांगतात – त्या भिंती आज्या-पणज्यांपासून धूर पीत आल्यात, ऐन उन्हाळ्यात हात लावला तरी बोटांना वास येतो. फुलं तिथं अंधारात सावकाश वाळतात आणि तेवढा वास अंगाला लावून घेतात. बाहेरचा व्यापारी पाकिटावर आमचा डोंगर छापतो, आमचं नाव छापतो – छापू दे की! हा वास कुठून छापणार? बसा ना, उभे का? कॉफी ठेवलीय.

ही बरणी माझी, आर्मिदाची. ती एर्सिलियाची, ओढ्यापलीकडच्या घराची. तुमचा नियम ठाऊक आहे मला – पाकिटावर दरीचं नाव हवं तर दरीत पिकवणारे निदान दोन उंबरे हवेत. आहेत की दोन. एका बरणीवरून नाही कळत, दोन्ही चोळून बघा. माझ्या फुलांना संत्र्याच्या सालीचा वास, कारण माझं शेत सावलीच्या अंगाला. तिच्यांना मिरीसारखा, तिच्याकडे दुपारभर ऊन. आहे ना फरक? देठ मोडा – कट्‌कन मोडला पाहिजे, नुसता वाकला तर आत ओल आहे, पुढे बुरशी धरणार. आणि लिंबाचा भपकारा आला, बोटांवरून जाता जाईना, तर समजायचं वास वरून फवारलाय. गोळीसारखा घट्ट, हिरवागार तुरा काचघरातला. आमचे हे असे विसविशीत, मधेच कोळ्याचं जाळं. एर्सिलिया मला म्हणते, "आर्मिदा, तुझ्या फुलांचा काढा प्यायला की झोप नाही येत, तुझ्या सासूच्या कपाटात कोंडल्यासारखं वाटतं!" मी म्हणते, "आणि तुझा प्यायला की शिंका येतात, बये!" हसा, हसा. आमचं असंच चालतं.

तिला बोलवू? आत्ता नाही हो. ती गेलीय – वर धनगराकडे चीज आणायला. यायला संध्याकाळ होईल. तुम्ही कॉफी घ्या.

काय बघताय एवढं? दोन तुरे शेजारी शेजारी कशाला ठेवलेत? देठ... हो, तिरके कापलेत. कात्री डाव्या हातात धरली की तसंच होतं, मी डावखुरी आहे ना. तिचेही तिरके? मग तीही – तीही डावखुरीच. दोघी डावखुऱ्या असू नयेत असा नियम आहे का तुमचा? नाही ना. मग. आणि तिची आता झोपायची वेळ आहे, उगाच हाका मारून – चीज? हो, चीज आणलं आणि झोपली. विश्वास नसेल तर खिडकीतून बघा, धुराडं दिसतंय ना तिचं? धूर निघतोय? माणूस असल्याशिवाय का चूल पेटते? सकाळी पेटवली की दुपारपर्यंत पुरते, मी मुद्दाम जाड ओंडके घालते –

कॉफी गार झाली तुमची. दुसरी करते. नको? बरं.

अहो, बर्फ वितळत होता तेव्हा घसरली ती पायरीवरून. खुबा मोडला. मुलगी आली, गाडीत घालून तळ्याकाठी आपल्या घरी घेऊन गेली. जाताना काचेतून ओरडत होती मला – "माझ्या वाफ्यांकडे बघ गं, चेस्टनट पडायच्या आत येते मी!" चेस्टनट पडले. गोळा पण केले मी, तिचेही. शेत रिकामं ठेवलं असतं ना, तर मुलीला वाटलं असतं आई काही परत जात नाही, विकून टाकू. म्हणून पेरलं. पेरलं म्हणून खुरपलं, मग एक ओळ सोडून कापलं, मग तिच्या खोपीत टांगलं – माझ्या खोपीत नाही हं, तिच्याच. तेवढं तरी खोटं नाही. फूल तिच्याच मातीचं आहे, तिच्याच भिंतींचा वास आहे. फक्त हात माझे. रविवारी फोन करते ती. मी सांगते तुरे कसे आलेत, ती म्हणते, "पाणी जास्त घातलंस तू, मला माहितीय." बघितलं नाही काही नाही, आणि तिकडून शिव्या घालते. तेवढा एक फोन. बाकी आठवडाभर मी बोलते ते कोंबड्यांशी, आणि आज तुमच्याशी.

दरीचं नाव गेलं तर काय होईल, माहितीये मला. माझा माल खालचा व्यापारी घेईल, काचघरातल्या ढिगात मिसळेल, संपलं. पण ते नाही हो... तुम्ही तिथं जाऊन 'एक उंबरा' असं लिहाल ना, मग ते खरं होईल. जोवर कुणी लिहिलेलं नाही, तोवर आम्ही दोघी आहोत.

नको, उत्तर नका देऊ. तुमचं तोंड बघूनच कळतंय, भले आहात तुम्ही, आणि भली माणसं नियम पाळतात. बरण्या घेऊन जा दोन्ही. बस खालच्या वळणावर थांबते, निघा आता. वाट निसरडी आहे, कठडा धरून उतरा. निघा म्हणते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघातून फोन आला, की यंदापासून पाकिटावर दरीचं नाव बंद. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि विळा घेऊन एर्सिलियाच्या शेतात उभी राहिलेली शेवटची ओळ कापायला गेले.