पुसलेलेही निघतात

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात आपलं बिघडलेलं कार्ड मुठीत धरून उभ्या असलेल्या शिकवणीच्या बाईंचे कान पुढच्या सासू-सुनेकडे लागले होते.

“धाकट्याच्या लग्नाचे सगळे फोटो गेले हो, दादा. कार्ड लावलं की नुसता काळा पडदा!”

“काढून देतो, मावशी. अहो, पुसलेलेसुद्धा निघतात.”

“पुसलेले म्हणजे?”

“कोणी मुद्दाम डिलीट केलेले. तेही कार्डात पडून असतात.”

बाईंनी मूठ आणखी घट्ट आवळली.

“अगंबाई! म्हणजे माझ्या लेकीचे निघतील. कार्ड बिघडायच्या आधीच तिचे तेवढे गायब झाले होते. होय ना गं, सूनबाई?”

“दादा, पुसलेले वगळता नाही का येणार?”

“का गं? तू पुसलेस?”

“वन्संचे डोळे मिटलेले होते, आई.”

“सगळ्या फोटोंत?”

“...हो.”

“बरं. दादा, वगळाच ते पुसलेले. उगाच हिच्या आईचेही निघायचे.”

“माझ्या आईचे? ते कोणी पुसले?”

“तिचेही डोळे मिटलेलेच होते गं.”